स्वर्गारोहणाचा गुरुवार

संपादक साहेब,
नाताळ, ईस्टर सगळ्यांना माहीत, पण ईस्टरपासून 40व्या दिवशी येणारा स्वर्गारोहणाचा गुरुवार आमच्या इंदूरात ख्रिस्ती घरांतसुद्धा ऑफिस-शाळेच्या गडबडीत निघून जातो, ते मला खटकतं. येशू यरुशलेमजवळच्या जैतुनाच्या डोंगरावरून वर स्वर्गात गेला तेव्हा आपल्याला सोडून थोडाच गेला, आधी एका वेळी एकाच गावात असायचा, आता आमच्या इंदूरच्या राजवाडा बाजाराच्या गर्दीतही हाकेला आहे. आणि गेला तो शरीरासकट, म्हणजे माणसाचं दुखणं थेट देवापर्यंत पोचलं की! शिष्य नुसते वर बघत राहिले तर पांढऱ्या कपड्यातल्या 2 जणांनी टोकलंच त्यांना (असे बघत बसणारे आमच्यातही बरेच आहेत). चर्चवाल्यांनी निदान त्या संध्याकाळी मराठीतून प्रार्थना ठेवावी.
— एक वाचक, इंदूर