बाबा, आधी हात शेका

ती. आई-बाबा,
सा. न.

ईसीजीचं छोटं यंत्र मागवलं आहे. पैसे भरून झालेत, त्यामुळे 'कशाला उगाच' आता म्हणू नका. पुण्याला येऊन राहा हा विषय मीच बंद केला. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या चौकात चक्कर मारल्याशिवाय बाबांचा दिवस उजाडत नाही, हे मला का ठाऊक नाही? पण मग एवढं तरी माझं ऐका.

बाबा, नाडी मोजायला फोनच्या कॅमेऱ्यावर बोट धरलं की फोन सारखा 'पुन्हा मोजा' म्हणायचा, म्हणून तुम्ही चिडून सोडून दिलंत. त्यात तुमच्या हृदयाचा दोष नव्हता. फ्लॅशचा उजेड बोटात शिरतो, ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त होतं तसा तो बदलतो, तेच फोन मोजतो. जानेवारीतलं ग्वाल्हेर, रक्तवाहिन्या आकसलेल्या, त्यात तुम्ही खरेदीखतावर अंगठा उठवल्यासारखं दाबणार! बोटातलं रक्तच सरकलं तर फोन बिचारा काय वाचणार?

नव्या यंत्राच्या दोन पट्ट्यांवर दोन्ही हातांची बोटं ३० सेकंद टेकवायची. ते हृदयाची वीज टिपतं. पण स्नायूंचीही वीज असते. कुडकुडलात, हललात की तीही फोनवर उमटणाऱ्या ग्राफमध्ये शिरते. हात थरथरतो ते मनाला लावून घेऊ नका, कोपरं टेबलावर टेका. बोटं कोरडी असतील तर जरा ओलसर करा. फोन चार्जरवरून काढा. खोलीत हीटर लावा, बिलाचं मी बघते. आणि आधी हात शेका. शाळेत जाताना सिगडीवर माझे शेकायचात ना, मग स्वेटरची बटणं लावायचात, अगदी तसेच.

आई, तेवढा वेळ 'भाजी काय करू' विचारायचं नाहीस!

एवढा हट्ट का, ते आत्याच्या वेळी पाहिलंच आपण. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहिले की रक्त साचतं, गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर... असो. हे येतं-जातं, डॉक्टरांकडे ईसीजी काढताना नेमकं नसतं. घरी धडधडलं की लगेच ग्राफ घेता येईल. खराब आला तर पुसू नका, पुन्हा घ्या. मलाही तो दिसेल. ही पाळत नाही हो, मला झोप लागावी म्हणून.

मात्र छातीत दुखलं तर यंत्र काढत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. ते 'नॉर्मल' म्हणालं तरी. हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही.

पार्सल बहुधा शनिवारी येईल. उघडायच्या आधी मला व्हिडिओ कॉल करा. आणि आई, गजकाचा, त्या तिळाच्या मिठाईचा, डबा वरच्या फळीवर ठेव.

तुमची,
छकुली