आवाजामागचं नाव विचारलं तर बिघडलं कुठे?

संपादक महोदय,

‘एक्स-मेन ’९७’ ही सुपरहिरोंची ॲनिमेशन मालिका आणि तिचे चाहते यांच्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख काल वाचला. रागाच्या भरात उत्तर लिहू नये म्हणून रात्र मधे जाऊ दिली. सकाळी लेख पुन्हा वाचला, आणि राग होता तिथेच आहे.

लेखकाला चाहत्यांची कीव येते हे पहिल्या परिच्छेदातच कळतं. चाळिशीला आलेली माणसं कार्टूनमधल्या आवाजावरून वाद घालतात, जुना आवाज नाही म्हणून हळहळतात, हा त्यांना पोरकटपणा वाटतो. आवाज काय, आज याचा, उद्या त्याचा, अशा अर्थाचं एक वाक्यही लेखात आहे. बाकीच्या लेखाशी मला फार भांडायचं नाही. या वाक्याशी भांडायचं आहे, कारण ते मला तोंडावर ऐकवलं गेलेलं आहे.

मालिका येण्याआधी जी आरडाओरड झाली तिची बाजू मी घेणार नाही. मॉर्फ हे पात्र स्त्री की पुरुष या चौकटीत बसणारं नसेल एवढं कळल्यावर, एकही भाग न पाहता, काही लोकांनी मालिका मोडीत काढली. ते वाईटच होतं. पण लेखात चाहते म्हणजे तेवढेच! बो डीमायो यांना मालिका यायच्या तोंडावर मुख्य लेखकपदावरून दूर केलं, त्याला दोन परिच्छेद मिळाले. २० मार्च २०२४ ला मालिका सुरू झाल्यावर लोक काय बोलत होते, त्याला चार ओळी.

लोक आवाजांबद्दल बोलत होते. ही मालिका जिची गोष्ट पुढे नेते ती जुनी ‘एक्स-मेन’ मालिका १९९२ साली सुरू झाली आणि ७६ भागांनंतर १९९७ मध्ये संपली. एवढ्या वर्षांनी वुल्व्हरिन या नायकाच्या तोंडून पुन्हा कॅल डॉड यांचाच खरखरीत आवाज आला. रोग या नायिकेसाठी लेनोर झॅन परत आल्या. या बाई मधल्या काळात राजकारणात होत्या, आधी नोव्हा स्कोशियाच्या विधानसभेत आणि मग २०१९ ते २०२१ कॅनडाच्या संसदेत. तिथून त्या पुन्हा माईकसमोर येऊन उभ्या राहिल्या. लेखकाला यातलं काहीच लिहावंसं वाटलं नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

जे येऊ शकले नाहीत त्यांची आठवणही चाहत्यांनीच काढली. सायक्लॉप्सचा आवाज असलेले नॉर्म स्पेन्सर २०२० मध्ये गेले, मॅग्नीटोचे डेव्हिड हेम्ब्लेन त्याच वर्षी गेले. सायक्लॉप्सचं काम आता रे चेस करतात. स्पेन्सर यांची बोलायची ढब, वाक्याच्या शेवटी आवाज आवळायची सवय त्यांनी किती मन लावून उचलली आहे, ते जुने भाग तोंडपाठ असणाऱ्यांना लगेच कळतं. ज्युबिलीचा जुना आवाज ॲलिसन कोर्ट यांचा. ज्युबिली चिनी वंशाची आहे, तेव्हा तिला आशियाई वंशाच्याच कलाकाराचा आवाज मिळावा, अशी भूमिका घेऊन त्या स्वतःहून बाजूला झाल्या आणि ते काम हॉली चाऊ यांच्याकडे गेलं. कोर्ट यांनाही या मालिकेत दुसरं काम मिळालं. पूर्वी गॅम्बिट या पात्राचा आवाज असलेले क्रिस पॉटर आता केबल या दुसऱ्या पात्रासाठी बोलतात. बदल इथेही झालाच. पण ज्याच्या जागी बदल झाला त्याला आधी माहीत होतं, त्याचा मान राहिला.

पाचव्या भागात जेनोशा या बेटावरच्या हल्ल्यात गॅम्बिट मरतो, तेव्हा लोक रडले. लेखात त्याची थट्टा आहे. ज्या मुलीच्या स्पर्शानं समोरच्याची शक्ती ओढली जाते, जी आयुष्यभर माणसांपासून हात राखून राहिली, ती रोग त्या मेलेल्या माणसाला कवटाळून बसते. पडद्यावर रेषा आणि रंग आहेत. रडू आणतो तो झॅन यांचा आवाज. तो ऐकून कोणी रडलं असेल, तर त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

आवाज हा चित्रावर नंतर चढवलेला रंग आहे, असं लेखकाने गृहीत धरलेलं दिसतं. अमेरिकेतल्या ॲनिमेशनमध्ये साधारणपणे उलटं असतं. आधी आवाज ध्वनिमुद्रित होतो, मग त्यावर चित्र बेततात. जुन्या ‘एक्स-मेन’चे आवाज टोरांटोत मुद्रित व्हायचे आणि चित्रं दक्षिण कोरियातल्या अकोम स्टुडिओत हलायची. कलाकाराने कुठे श्वास घेतला, कुठल्या शब्दावर दात खाल्ले, ते ऐकून पात्राचा जबडा काढायचा. डोनाल्ड डकचंच बघा. १९३४ पासून क्लॅरेन्स नॅश तो आवाज काढत होते. आपल्यानंतर तो कोणाकडे जावा म्हणून डिस्नेतच चित्रं काढणाऱ्या टोनी अँसेल्मो यांना त्यांनी तो शिकवला. नॅश १९८५ मध्ये गेले. २०१७ साली डोनाल्डच्या कुटुंबावरची ‘डकटेल्स’ ही मालिका नव्याने आली तेव्हा इतर मुख्य पात्रांचे आवाज बदलले होते, डोनाल्डचा मात्र अँसेल्मो यांचाच होता. आवाज असा हातातून हातात द्यावा लागतो.

आता माझं सांगते.

मी डबिंग करत असे. एका परदेशी कार्टून मालिकेच्या हिंदी आवृत्तीत मी एका दहा वर्षांच्या वात्रट मुलाचा आवाज होते. मुलांचे आवाज बहुधा बायकाच देतात, मुलगे वयात आले की त्यांचा आवाज फुटतो म्हणून. डबिंगमध्ये चित्र आधीच तयार असतं, त्यामुळे वाक्य पात्राच्या ओठांवर बसवावं लागतं. हिंदी वाक्य मूळ वाक्यापेक्षा लांब झालं की श्वास चोरायचा, नाहीतर शब्द बदलून घ्यायचा. रेकॉर्डिंग चालू असताना पंखासुद्धा बंद. त्या मुलाचं मूळ हसू आमच्या वाक्यांना जुळेना, म्हणून मी माझं एक हसू बनवलं, नाकातून सुरू होऊन शेवटी उचकीसारखं तुटणारं. डबिंग डायरेक्टरला ते आवडलं आणि तेच राहिलं. पुढे मुलं एकमेकांना चिडवताना तसं हसू लागली. मी ते रस्त्यात ऐकलेलं आहे.

भाग संपला की व्हाउचरवर सही करायची. त्यावर ना मालिकेचं नाव असे, ना पात्राचं. मालिकेच्या शेवटी मूळ परदेशी कलाकारांच्या नावांच्या पाट्या सरकत. आमच्यापैकी कोणाचंही नाव कधी आलं नाही. तेव्हा आम्ही त्याबद्दल बोललो नाही, कारण बोलणाऱ्याला पुढचं काम मिळत नसे.

बऱ्याच वर्षांनी त्या मालिकेला पुन्हा जीव आला. नवे भाग बनले, त्यांचं हिंदी डबिंग झालं. मला ते जाहिरात बघून कळलं. त्या मुलाच्या तोंडून वेगळाच आवाज ऐकला आणि मी स्टुडिओला फोन केला. मला काम हवंच होतं असं नाही. विचारायला तरी हवं होतं, एवढंच माझं म्हणणं होतं. पलीकडच्या माणसाने सांगितलं, तुमचा आवाज आता जाड झाला असेल. असेलही, पण ऐकून न बघता त्याला ते कसं कळलं? आणि मग तो म्हणाला, “मॅडम, आवाजाचं काय एवढं, आज तुमचा, उद्या दुसऱ्या कोणाचा.”

नव्या भागांत ते हसू नव्हतं. माझ्या जागी आलेल्या मुलीचा यात काही दोष नाही, ती चांगलं काम करते, तिला कोणी जुनं ऐकवलंच नसणार. पण लहानपणी ती मालिका बघितलेल्यांना ते पहिल्याच भागात खटकलं. जुना आवाज कोणाचा होता, ती व्यक्ती कुठे आहे, असं ते विचारू लागले. कंपनीकडे उत्तर नव्हतं. नाव कुठे लिहिलेलंच नव्हतं, तर मिळणार कुठून?

त्यातल्या एकाने मला शोधून काढलं. एका औषधाच्या जाहिरातीत मी आजीचा आवाज दिला होता, त्यातल्या हसण्यावरून त्याला शंका आली. ती जाहिरात ज्याने रेकॉर्ड केली त्या माणसापर्यंत पोचून त्याने माझा नंबर मिळवला. फोनवर आधी मॅडम मॅडम चाललं होतं. मी हसून दाखवल्यावर थोडा वेळ तो काहीच बोलला नाही, मग म्हणाला, “ताई, म्हणजे तुम्हीच!” पुढे तो भेटायला आला तेव्हा त्याच्याजवळ एक वही होती. मालिका, पात्र, आवाज, असे रकाने पाडलेले. आवाजाच्या रकान्यात जवळपास सगळीकडे प्रश्नचिन्हं. तो जुने तुकडे लावत गेला आणि मी ओळखता येतील ते आवाज ओळखत गेले. खलनायकाचं काम करणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी आणि शेजारणीचा आवाज देणारी माझी मैत्रीण, दोघंही आता हयात नाहीत. त्यांच्या कामाची दुसरी कुठलीही नोंद माझ्या माहितीत नाही. त्यांची नावं त्या वहीत आली. ती आणली एका चाहत्याने, ज्याच्यासारख्यांना आपल्या लेखात वयाने वाढलेली पोरं म्हटलं आहे.

आवाज बदलू नयेत असा माझा आग्रह नाही. माणसं थकतात, जातात. कधी नव्या माणसाला संधी देणंच योग्य असतं, ॲलिसन कोर्ट यांनी ते स्वतःच्या पात्राच्या बाबतीत दाखवून दिलं. पण बदल करताना आधीच्या माणसाला एक फोन करावा, त्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं असावं. चाहते ज्या गोष्टीसाठी ओरडतात तिच्यात पुष्कळदा एवढंच असतं. ते ओरडले नसते तर माझ्या कामाबद्दल मला कोणी कधी काही विचारलं नसतं.

जाता जाता आणखी एक. लेख ॲनिमेशन मालिकेवर आहे, आणि सोबतचा मोठा फोटो ह्यू जॅकमन यांचा. त्यांनी वुल्व्हरिन चित्रपटांत केला, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण या मालिकेशी त्यांचा संबंध नाही. कॅल डॉड यांचा फोटो राहू द्या, त्यांचं नावसुद्धा लेखात नाही. आवाज देणाऱ्या एकाही कलाकाराचं नाव नाही. आवाजावरून वाद घालणाऱ्यांना हसणारा लेख, आणि तो आवाज कोणाचा हे वाचकाला कळायला मार्ग नाही.

या मालिकेच्या दुसऱ्या सीझनवर आपल्याकडे कोणीतरी लिहीलच. त्यांना माझी विनंती कळवा: भाग संपल्यावर पाट्या सरकतात, त्या शेवटपर्यंत बघाव्यात आणि त्यातली आवाजाची नावं लेखात द्यावीत. आपल्या भाषांत डब झालेली कुठलीही मालिका असेल, तर तिच्याही पाट्या बघाव्यात. त्यांत डबिंग करणाऱ्यांची नावं नसतील, तर ती नाहीत असं स्पष्ट छापावं, आणि नावं का नाहीत हे त्या कंपनीला विचारावं. आम्ही विचारलं तर काम जातं. तुमच्या वार्ताहराचं जाणार नाही.

आपली,
एक जुनी वाचक