दादरची गाडी दादरला आणा

ऑगस्ट २०२४

मा. श्री. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय रेल्वेमंत्री यांस,

स. न. वि. वि.

७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे. कोकणासाठी गणपती स्पेशल जाहीर झाल्या, त्याबद्दल आभार. पण हे पत्र स्पेशलसाठी नाही, आमच्या बारमाही गाडीसाठी आहे.

दादर-रत्नागिरी पॅसेंजर कोविडमध्ये बंद पडली. २०२१ मध्ये ती पुन्हा धावू लागली, तीही ठाण्याजवळच्या दिवा स्थानकापर्यंतच. तेव्हापासून आमची गाडी दिव्यातच अडकली आहे. सापे वामने, दिवाणखवटी, अंजनी, कामथे, उक्षी, भोके या स्थानकांकडे बहुतेक एक्सप्रेस ढुंकूनही पाहत नाहीत. तिथल्या माणसाला मुंबई गाठायला पॅसेंजरच हवी. मुंबई-गोवा महामार्गाचं म्हणाल, तर त्याची कथा अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे.

साहेब, एकदा ही गाडी दिव्यात येते तेव्हा उभे राहून बघा. म्हातारी माणसं, कडेवर पोर, हातात तांदळाची गोणी आणि आमसुलांची पिशवी. हे सगळं घेऊन पूल चढायचा, पलीकडच्या फलाटावर उतरायचं आणि कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या लोकलमध्ये घुसायचं. घुसता आलं तर! ज्याला बोरिवली, विरारला जायचंय, त्याला दादरला नुसता पूल ओलांडून पश्चिम रेल्वे मिळायची. दिव्याहून वसईला गाड्या आहेत, पण त्या इतक्या मोजक्या की त्यांच्या भरवशावर कोणी सामान घेऊन निघत नाही.

लोकलचं वेळापत्रक कोलमडतं, दादरला जागा नाही, असं आम्हाला सांगितलं जातं. मग त्याच दादरहून गोरखपूर आणि बलियाच्या स्पेशल सुटतात, त्या कुठल्या जागेतून? उत्तरेच्या प्रवाशांशी आमचं भांडण मुळीच नाही. त्यांनाही गावी जायचंच आहे. मात्र एकासाठी मिळणारा फलाट दुसऱ्यासाठी का मिळत नाही, याचं लेखी उत्तर हवं.

कोविडकाळात पॅसेंजरचं किमान भाडं १० रुपयांवरून ३० झालं होतं. या फेब्रुवारीत ते पुन्हा १० वर आलं. म्हणजे तेव्हाचे निर्णय फिरवता येतात. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, पुढे कोकण रेल्वे. दोघांनाही एका टेबलाशी बसवू शकणारे तुम्हीच.

दिव्याचा थांबा काढू नका. लालबाग-परळ सोडून गेलेली आमचीच माणसं आता तिथे राहतात. दादरला गाडी फार वेळ उभी ठेवायला जमत नसेल, तर माणसं उतरवून-चढवून लगेच हलवा. पण ५०१०३ आणि ५०१०४ या गाड्यांच्या पाटीवर पुन्हा 'दादर' येऊ द्या, आणि ते कधीपासून, ती तारीख गणपतीआधी जाहीर करा.

आपले,
दादर-रत्नागिरी पॅसेंजरचे प्रवासी