रंगीत तालमीआधी वाचन करा : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : महामारीच्या पूर्वतयारीसाठी नवापूर तालुक्यात (जि. नंदुरबार) टेबलटॉप सराव, म्हणजे टेबलाभोवती बसून निर्णयांची तालीम, घेण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात आरोग्य सहायक म्हणून माझी एकतीस वर्षं गेली. त्यातली एक रात्र आपल्याला सांगायची आहे.

एप्रिल २०२१. आमच्या जिल्ह्याकडे निघालेला ऑक्सिजनचा टँकर शेजारच्या जिल्ह्याच्या हद्दीवर अडवला गेला. हा साठा कुणाच्या वाट्याचा, याचा लेखी आदेश तिथल्या माणसांकडे नव्हता. रात्रीचा दीड वाजला होता. नियंत्रण कक्षात आपत्ती व्यवस्थापनाचा जाडजूड आराखडा होता आणि त्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याचा नंबरही होता. मी तो फिरवला. एका बाईंनी झोपेतच उचलला आणि म्हणाल्या, "साहेबांना रिटायर होऊन दोन वर्षं झाली हो." योग्य माणूस सापडेपर्यंत साडेतीन वाजले. तोवर वॉर्डातल्या दोन सिस्टर प्रत्येक खाटेपाशी जाऊन फ्लो थोडा कमी, थोडा जास्त करत होत्या. त्यांच्यामुळे सकाळपर्यंत साठा पुरला.

आराखडा होता. एवढंच की ज्यांना तो वापरायचा होता, ते कधी एकत्र बसून त्याचं एकही पान वाचून गेले नव्हते.

आपल्याकडे नाटक उभं राहतं कसं, हे आपण जाणताच. आधी वाचन होतं. सगळे नट गोल बसतात, हातात संहिता असते, आणि कुणाचं वाक्य कुठे अडतं, कुणाची एन्ट्री राहून गेली आहे, ते तिथेच कळतं. मग उभ्याने तालमी, आणि सगळ्यात शेवटी रंगीत तालीम. साथीच्या बाबतीत आपण थेट रंगीत तालमीवर येतो. २७ डिसेंबर २०२२ ला आणि पुन्हा १०-११ एप्रिल २०२३ ला देशभरातल्या रुग्णालयांत कोविडचं मॉक ड्रिल झालं. खाटा मोजल्या, व्हेंटिलेटर सुरू करून पाहिले, ऑक्सिजन प्लांट चालवले. ते हवंच होतं. पण त्यातून यंत्रं चालतात की नाही हे कळतं. आदेश कोण काढणार, कुणाला विचारून काढणार, आणि दोन खात्यांचं म्हणणं वेगळं पडलं तर अखेरचा शब्द कुणाचा, हे त्यात कुणी तपासत नाही. जगभर ज्याला टेबलटॉप सराव म्हणतात, ते म्हणजे हे वाचन. एक काल्पनिक साथ, एक टेबल, निर्णय घेणारी खरी माणसं, आणि ठरावीक वेळाने फोडायची बंद पाकिटं. प्रत्येक पाकिटात परिस्थिती थोडी आणखी बिघडलेली असते.

अशा वाचनाने किती वेळ वाचला असता याचं एक उदाहरण तर आपल्याच दारातलं आहे. १९ एप्रिल २०२१ ला पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस सात रिकामे टँकर घेऊन कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाली. त्याआधीचे काही दिवस रेल्वेचे लोक टँकरची उंची मोजत होते. सपाट वॅगनवर टँकर चढवला तर तो बोगद्यातून, पुलाखालून, विजेच्या तारांखालून जाईल का, हे पाहायला बोईसरला चाचणी झाली. ३३२० मिलिमीटर उंचीचा टँकर चालेल असं ठरलं, आणि घाट टाळायला गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशी फिरून नेली. त्या माणसांना माझा नमस्कार, त्यांनी फार थोड्या वेळात फार मोठं काम केलं. पण टँकरची उंची काही साथीमुळे बदललेली नव्हती. २०१९ मधल्या एखाद्या दुपारी "राज्यातला द्रवरूप ऑक्सिजन कमी पडला, विशाखापट्टणमहून आणायचा आहे, कसा आणाल?" एवढं एक पाकीट कुणी फोडलं असतं, तर ती मोजमापं फायलीत तयार असती.

आता उलट बाजूही सांगतो, कारण नुसता सराव घेऊन भागत नाही. ब्रिटनने ऑक्टोबर २०१६ मध्ये 'एक्सरसाइज सिग्नस' नावाचा मोठा सराव केला. तीन दिवस, ९५० हून जास्त माणसं, फ्लूची काल्पनिक महामारी. तीव्र महामारीचा ताण झेलण्याइतकी देशाची तयारी नाही, असा निष्कर्ष निघाला. वृद्धांची काळजी घेणाऱ्या व्यवस्थेवर रुग्णालयांचा भार टाकला तर ती तो पेलू शकणार नाही, ही काळजीही तिथे नोंदवली गेली. अहवाल जनतेसमोर आला तो ऑक्टोबर २०२० मध्ये, तोही आधी वर्तमानपत्रांतून फुटल्यावर. दरम्यान २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्लंडच्या रुग्णालयांतून सुमारे २५,००० रुग्ण वृद्धाश्रमांत पाठवले गेले होते. त्याच २०१६ च्या फेब्रुवारीत त्यांनी 'एक्सरसाइज ॲलिस' हा सराव तर चक्क एका कोरोनाविषाणूवर, मर्सवर, घेतला होता. तोही कागदावर राहिला. अमेरिकेने २०१९ मध्ये 'क्रिमसन कंटेजन' घेतला. नेमकं नेतृत्व कोणाकडे, यावर तिथेही गोंधळ दिसला, आणि दुरुस्तीला वेळ मिळण्याआधी खरी साथ आली. या देशांना आपली दुखणी आधी कळली होती. दुखणं कळूनही माणसं गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्या देशात सुरुवात झालेली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अजमेरला 'विषाणू युद्ध अभ्यास' झाला. प्राण्यांकडून माणसांत येणारा रोग गृहीत धरून आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन्यजीव या खात्यांना त्यात एकत्र आणलं होतं. महाराष्ट्राने आता स्वतःचा सराव घ्यावा, आणि तो मुंबईच्या सभागृहात न घेता नवापूरला घ्यावा, ही माझी विनंती.

नवापूरच का, ते सांगतो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू याच तालुक्यात निघाला. मी तेव्हा ताप सर्वेक्षणाच्या पथकात होतो. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, घरोघर ताप तपासला, आणि माणसांत रोग आला नाही. पंधरा वर्षांनी, २०२१ मध्ये, तो पुन्हा तिथेच आला. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या याच एच५एन१ विषाणूने दगावले. हा विषाणू आपलं घर ओळखतो, महोदय.

आता पाकिटं. पहिलं : सोमवार सकाळ, एका शेडमध्ये दोन दिवसांत चार हजार पक्षी मेलेत. नुकसानभरपाई मिळेल की नाही या भीतीने मालक गप्प आहे. शेडमधला एक मजूर तापाने फणफणलाय आणि खासगी डॉक्टरकडे जाऊन आलाय. ही बातमी आधी कुणाला कळेल? पक्ष्यांचा नमुना जाणार भोपाळच्या प्रयोगशाळेत, पशुसंवर्धन खात्यामार्फत. माणसाचा जाणार पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, आरोग्य खात्यामार्फत. भोपाळचा निकाल जिल्हा शल्यचिकित्सकांना कोण कळवणार, आणि किती तासांत?

दुसरं पाकीट : पाचवा दिवस. मजूर नवापूरहून गाडीत बसून सुरतेला भावाकडे गेलाय. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशन मास्तर त्यांच्याकडे, आणि रेल्वे केंद्राची. फलाटावर ताप तपासायचा तर पथक कुणाचं? सुरतेत कुणाला फोन करायचा, आणि तो नंबर आज चालू आहे का?

तिसरं पाकीट मला सगळ्यात जड वाटतं. बारावा दिवस, होळी आठवड्यावर. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं सणासाठी परतू लागलीत. काठीच्या राजवाडी होळीला हजारो माणसं जमणार. त्यांना थांबवायचं का? थांबवायचं तर कोण सांगणार, मावची आणि पावरी या त्यांच्या बोलींत कोण सांगणार, आणि ती माणसं कुणाचं ऐकतील? बळजबरीने साथ हाताळली की काय होतं, ते पुण्याने १८९७ च्या प्लेगात पाहिलं आहे. घरात शिरणाऱ्या गोऱ्या सोजिरांच्या भीतीने लोकांनी आजारी माणसं लपवली. साथरोगाचा कायदा त्याच वर्षीचा, आणि मार्च २०२० मध्ये आपण तोच लागू केला. त्यात शासनाला अधिकार आहेत. या तीन प्रश्नांची उत्तरं त्यात नाहीत.

हद्दीचा प्रश्न आडवळणाच्या तालुक्यांपुरताच आहे असं कुणी म्हणू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही महापालिकेत नव्याने आलेली गावं चर्चेत आली आणि विहिरीच्या पाण्याची जबाबदारी हाच पहिला प्रश्न झाला.

सरावाला जिल्हाधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, पशुसंवर्धनचे उपायुक्त, पोलीस आणि रेल्वेचे अधिकारी स्वतः बसावेत, प्रतिनिधी पाठवू नयेत. गुजरातच्या तापी आणि सुरत जिल्ह्यांतून माणसं बोलवावीत. पाकिटांत काय आहे हे त्यांना आधी कळू देऊ नये, नाहीतर सगळे उत्तरं पाठ करून येतील. आणि चुकलेल्या उत्तरासाठी कुणालाही नोटीस निघू नये. तसं झालं तर पुढच्या वेळी कुणी खरं बोलणार नाही.

अहवाल तीस दिवसांत मराठीत प्रसिद्ध व्हावा. प्रत्येक त्रुटीपुढे ती दुरुस्त करणाऱ्याचं पद आणि तारीख असावी, आणि सहा महिन्यांनी त्याच टेबलावर तीच पाकिटं पुन्हा फोडावीत. हे सगळं नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थाआधी व्हावं. नंदुरबार आणि नाशिक एकाच महसूल विभागात आहेत. नवापूरला जे शिकू ते विभागीय आयुक्तांना गोदाकाठी लगेच लागणार आहे.

शेवटची विनंती छोटी आहे. त्या टेबलावर दोन खुर्च्या आशाताईंसाठी ठेवा. २००६ मध्ये त्या गावोगाव पोहोचलेल्या नव्हत्या, २०२० मध्ये होत्या, आणि कोणत्या घरात कोण तापलंय हे सगळ्यात आधी त्यांना कळत होतं. त्या दिवसाचा मोबदला आणि येण्याजाण्याचा खर्च त्यांना मिळेल, असं आदेशातच नमूद करावं.

आपला नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहायक
उत्तर महाराष्ट्र