उरलेले तुकडे

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, चर्चमध्ये जाऊन तू कचरा का निवडत बसतेस? त्यासाठी माणसं असतात ना?" तेव्हा घाईत होते, नीट सांगता आलं नाही. म्हणून आज लिहायला बसले.

चर्चमधल्या मागच्या प्रेमभोजनानंतर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणानंतर, आम्ही हॉल झाडून काढला, पोती भरली, तोंडं बांधली आणि समाधानाने घरी गेलो. भंगारवाल्याने एक पोतं उघडून पाहिलं आणि सगळी तिथेच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी मी ते उपसलं. आत उपासनेच्या पत्रिकांचा जाड गठ्ठा. कोरडा असता तर सगळा कामाचा होता, पण त्याच्यावरच कुणीतरी खरकट्या ताटल्या कोंबलेल्या. वर स्तोत्राच्या ओळी आणि त्यांच्यावरून ओघळलेलं तेल. कागदाचा लगदा पाण्यात करतात रे. तेल त्यात मुरलं की नवा कागद धड होत नाही.

तिथेच बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आठवला. पाच भाकरी, दोन मासे आणि त्यांवर जेवलेले पाच हजार पुरुष, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. पण सगळे पोटभर जेवल्यावर प्रभू येशू काय म्हणतो? उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ नये. भाकरी वाढवणं ज्याच्या हातात होतं, त्याला तुकड्यांची काळजी! त्या जागी पुष्कळ गवत होतं, असंही योहान लिहितो. म्हणजे शिष्यांनी त्या गवतात वाकून, एकेक तुकडा वेचून बारा टोपल्या भरल्या असणार. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकत आले, पण ते वाकणं मला कधी दिसलंच नव्हतं.

आता ताटली टाकण्याआधीच खरकटं वेगळं होतं. अ‍ॅल्युमिनियमचे डबे आम्ही धुऊन ठेवतो, कारण खनिजापासून नवा धातू काढण्यापेक्षा जुना वितळवायला सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. कागदाचं तसं नाही. दर फेरीला त्याचे तंतू आखूड होतात आणि पाच-सात फेऱ्यांत त्याचा दम संपतो. म्हणून पत्रिका छापणंच कमी केलं. ज्यांना पडद्यावर दाखवलेल्या ओळी दिसत नाहीत, त्यांच्यापुरत्याच छापतो. माझं तर मत असं झालंय की, निवडण्यापेक्षा मुळात न आणणं मोठं.

वेदीवरच्या फुलांखालच्या हिरव्या स्पंजावरून मात्र वाद झाला. तो प्लास्टिकचाच एक प्रकार. कुजत नाही, नुसता भुगा होत जातो. फुलं सजवणाऱ्या बायका दुखावल्या, त्यांची इतक्या वर्षांची सेवा होती ती. मग त्यांच्यातल्याच एकीने भांड्यात तारेची जाळी बसवून दाखवली. आता फुलं तिच्यातच उभी राहतात आणि सुकली की खताच्या खड्ड्यात जातात.

१९८९ साली पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती चर्चचे प्रमुख धर्मगुरू दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. पुढे २०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिकांसाठीही तोच घेतला. यंदा आपल्या पाळकांनी त्या दिवसाजवळच्या रविवारी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय घेतला. देवाने माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. राखण करणारा मालक नसतो, हे त्यांचं वाक्य माझ्या मनात बसलंय.

आणि तू म्हणतोस ती "माणसं"? पोतं ठेवून गेलेल्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. कुणाच्या तरी पोत्यातली फुटकी काच लागली होती. आमच्या पोत्यातली नसेल असं मला छातीठोकपणे सांगता येईना. आता फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, वर "काच" असं लिहून वेगळी देतो.

प्रभुभोजनाच्या विधीतले प्लास्टिकचे पेलेही बंद झाले, काचेचे परत आले. ते धुण्याची पाळी महिन्यातून एकदा माझी असते. लहानपणी तू स्टुलावर चढून ते फडक्यावर उलटे मांडायचास, सरळ रांगेत, एकही न फोडता. फडकं अजून तेच आहे.

तुझी,
आई