रागाच्या क्षणाचा सराव शाळेत होऊ द्या: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे.

जुलैत माझ्या वर्गातल्या एका मुलाने बाक उलथवला. मागच्याने दप्तर ओढलं, एवढंच कारण. आम्ही नेहमीचंच केलं. ऑफिसात उभं केलं, वडिलांना कामावरून बोलावून घेतलं, माफीपत्र लिहून घेतलं. पत्र त्याने न अडखळता लिहिलं, कारण ते त्याचं चौथं होतं. नंतर मी त्याला एकट्याला विचारलं, बाक उचलण्याआधी नेमकं काय झालं? तो म्हणाला, "मॅडम, कानात धडधड होते, मग मला काही दिसतच नाही."

म्हणजे शरीर इशारा देतं आणि तो त्याला ऐकूही येतो. त्या धडधडीचं करायचं काय, हे मात्र नऊ वर्षांत आम्ही कोणी त्याला शिकवलेलं नाही.

आमचा एक माजी विद्यार्थी इंजिनिअरिंगला आहे. त्याने हौसेने एक साधा गेम बनवला आणि शनिवारी शाळा सुटल्यावर लॅपटॉप घेऊन येऊ लागला. बोटाला चिमटा लावायचा, तो नाडी मोजतो. पडद्यावर पतंग. चहूबाजूंनी दुसरे पतंग काटायला येतात. ठोके शंभरच्या वर गेले की मांजा हातातून सुटत जातो आणि पतंग गोते खायला लागतो. या मुलाचा पहिला डाव मिनिटभरही टिकला नाही. दात आवळलेले, बोटं बटणांवर आपटतायत, कोपऱ्यात आकडा ११८. जितका चिडला तितका पतंग खाली. तिसऱ्या डावात त्याने मध्येच डावा हात पोटावर ठेवला आणि लांब श्वास सोडला. ११४, १०७, ९९. पतंग सावरला. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "मॅडम, हा माझ्या श्वासावर चालतोय!"

महिनाभराने कबड्डीत तो बाद झाला की नाही यावरून वाद पेटला, तेव्हा तो रेषेबाहेर पोटावर हात ठेवून उभा राहिलेला मी पाहिला. पुढच्या आठवड्यात मात्र भांडलाच. चमत्कार झाला असं मला म्हणायचं नाही. पण त्या दिवशी मैदानात त्याने जे केलं, ते चार माफीपत्रांनी साधलं नव्हतं.

ही कल्पना नवी नाही. बोस्टनच्या बालरुग्णालयात डॉक्टरांनी असाच गेम करून घेतला आहे. त्यात ठोके ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की मुलाला गोळी झाडताच येत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात पाच सत्रांनंतर मुलांचा राग कमी झालेला दिसला. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये 'स्पार्क्स' या गेमची १२ ते १९ वयाच्या १८७ मुलांवर चाचणी झाली. सौम्य ते मध्यम नैराश्यात तो नेहमीच्या समुपदेशनाइतकाच उपयोगी पडला.

श्वास लांब सोडला की ठोके मंदावतात, हे विज्ञानाच्या तासाला मीही सांगू शकते. पण शांत बसलेल्या मुलाला 'शांत राहा' सांगून काय होणार? गेम त्याला थोडासा चिडवतो, आणि चिडलेला असतानाच सावरायला लावतो. सराव नेमका त्या क्षणाचा होतो.

'गेम' शब्द ऐकूनच पालक धास्तावतात, आणि त्यांची भीती खरी आहे. गेमिंगच्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत घेतलं आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने २०२५ च्या कायद्याने बंदी घातली, ते योग्यच झालं. त्याच कायद्यात शैक्षणिक गेमना मात्र वेगळी जागा आहे. म्हणून शाळेतल्या गेमला ना जाहिरात असावी, ना नाणी, ना बक्षिसं. पंधरा मिनिटांनी तो आपोआप थांबावा, शाळेच्याच संगणकावर चालावा आणि मुलांच्या नाडीच्या नोंदी शाळेबाहेर जाऊ नयेत.

मंत्रिमहोदय, यासाठी लागणारी माणसं याच शहरात आहेत. कुमठेकर रस्त्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे, सेनापती बापट रस्त्यावर बालभारती आहे, आणि संगणक तंत्रज्ञानावर संशोधन करणारं सी-डॅकही इथलंच. या तिघांना एकत्र बसवा. मराठीत एक गेम करून घ्या आणि पुणे महापालिकेच्या काही शाळांत वर्षभर वापरून पाहा. जिथे तो दिला नाही अशा वर्गांशी तुलना करा. उपयोग दिसला नाही तर बंद करा, मी तक्रार करणार नाही.

मात्र समुपदेशकाशिवाय नुसते संगणक पाठवू नका. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळले. साठ मुलांच्या वर्गात ही चार मुलं झाली. त्यांना पतंग पुरणार नाही, त्यांना माणूस लागेल. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. आमच्या शाळेत अजून कोणी आलेलं नाही.

आमच्या माजी विद्यार्थ्याची परीक्षा जवळ आली, त्यामुळे शनिवार बंद झाले. तो मुलगा दर सोमवारी विचारतो, "मॅडम, पतंग परत कधी?" त्याला काय सांगू, ते कळवावे.

आपली नम्र,
नववीची एक वर्गशिक्षिका, पुणे