कातळशिल्पांच्या फलकावर आधी क्रमांक, मग क्यूआर कोड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ, कुडोपी अशी कोकणातली कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सड्यांवर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या पठारांवर, क्यूआर कोडचे फलक हवेत, ही मागणी रास्तच आहे. मात्र घाईने कोड छापू नयेत.

एकेका सड्यावर अनेक आकृत्या असतात. एकच फलक लावला, तर मोबाइलवर दिसणारा मासा पायाशी असलेला की पलीकडचा, हे कळायचे कसे? जीपीएसवर भिस्त ठेवता येत नाही. मोकळ्या सड्यावरही मोबाइल चार-पाच मीटर चुकतो आणि दोन आकृत्यांत अनेकदा तेवढेही अंतर नसते. म्हणून गाव, सडा, आकृती या क्रमाने प्रत्येक आकृतीला कायमचा क्रमांक द्यावा. तो फलकावरच्या रेखाटनात आणि कोडखाली साध्या अक्षरांतही हवा. रेंज नसली तर क्रमांक टिपून घरी नोंद शोधता येते.

कोडात थेट फोटोच्या फाइलचा पत्ता घालू नये. संकेतस्थळ बदलले की फाइल हलते आणि धातूवर कोरलेला कोड वाया जातो. क्रमांकाने संपणारा, कायम राहील असा छोटा पत्ता घालावा; त्यामागची फाइल हवी तेव्हा बदलता येते. शिवाय तीसेक कॅपिटल अक्षरांचा पत्ता ‘एच’ पातळीवर, म्हणजे सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल असा, २९ बाय २९ चौकोनांत मावतो. शंभर अक्षरांच्या लांबलचक पत्त्याला ५७ बाय ५७ लागतात. पाच सेंटिमीटरच्या कोडात पहिल्याचा चौकोन १.७ मिलिमीटरचा, दुसऱ्याचा जेमतेम ०.९. इतका बारीक चौकोन शेवाळाच्या एका ठिपक्याने झाकला जातो. कोडाभोवती चार चौकोनांएवढी कोरी कड सोडावी. गडग्याबाहेरून, म्हणजे भोवतालच्या दगडी कुंपणाबाहेरून, दीड मीटरवरून स्कॅन करायचा असेल तर कोड १५ सेंटिमीटरचा हवा.

फ्लेक्स उन्हापावसात विटतो. चकचकीत स्टीलवर दुपारी ऊन परावर्तित होऊन कोड दिसतच नाही. समुद्रालगत ३१६ ग्रेडचे मॅट स्टील घ्यावे, ३०४ वर खाऱ्या हवेने तांबूस डाग पडतात. आणि कृपा करून आकृतीजवळ ड्रिल लावू नका! सड्याचा जांभा दगड सच्छिद्र असतो. भोकात पाणी मुरते, बोल्ट गंजून फुगतो आणि कातळाची कड फुटते. फलक गडग्याबाहेर चिऱ्यांच्या खांबावर बसवावा.

नोंदीतला फोटो सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, मोजपट्टी ठेवून काढलेला असावा. भर दुपारी उथळ रेघा दिसत नाहीत. फोटोची तारीखही लिहावी. पावसाळा संपून सड्यावरचे गवत कापले की ग्रामपंचायतीने दरवर्षी प्रत्येक कोड एकदा स्कॅन करून पाहावा.

– कातळशिल्पांचा एक अभ्यासक, रत्नागिरी